माशी, मासा आणि अंगठा

बँकेतला कारकून दिवसभर काय करतो, या प्रश्नावर आपल्या समाजात मतभेद नाहीत. तो माश्या मारतो. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला काचेपलीकडचा माणूस नेहमी माश्या मारतानाच दिसतो, त्याला कोणाचा इलाज नाही. वीस वर्षं हा आरोप ऐकतो आहे. पूर्वी राग यायचा. आता येत नाही. कारण गेले दोन हिवाळे मी खरोखरच माश्या मारतो आहे. तेही रविवारी सकाळी, नदीकाठी, पदरचं पेट्रोल जाळून. ऑफिसचं काम सुट्टीच्या दिवशीही करणारा इतका निष्ठावान नोकर आमच्या शाखेत दुसरा नसेल.

या प्रकाराला इंग्रजीत ‘फ्लाय फिशिंग’ म्हणतात. गळाला गांडूळ लावून बसतो तो साधा मासेमार. इथे गळाला पिसांची खोटी माशी बांधायची, लांबलचक दोरीनं ती हवेत झुलवायची आणि खऱ्या माशीनं टेकावं तशी पाण्यावर अलगद टेकवायची. मासा ती खरी समजून झडप घालतो. थोडक्यात, माशीनं मासा पकडायचा. आमच्या चिरंजीवांनी दुसरीत असताना ‘लिंग बदला’ या प्रश्नात ‘मासा – माशी’ असं लिहून एक मार्क घालवला होता. तेव्हा मी त्याला रागावलो होतो. आता वाटतं, या दोघांचं काहीतरी नातं आहे हे पोराला बापाच्या आधी कळलं होतं.

हे सगळं आमच्या साडूंमुळे झालं. साडू स्कॉटलंडात असतात. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकानं चॉकलेटं आणावीत, फार तर दाढीचं सामान आणावं, असा संकेत आहे. २०२४च्या दिवाळीला साडू आले ते एक नळकांडं घेऊन. आत चार तुकड्यांत मोडलेली काठी. जोडली की नऊ फूट. आईला वाटलं पडद्याची दांडी, सौ.ला वाटलं जळमटं काढायचं काहीतरी विलायती साधन. दोघींचीही निराशा झाली. सोबत एक चाक, त्यावर गुंडाळलेली जाडसर पिवळी दोरी, एक पुस्तक आणि एक चपटी डबी. डबीत पिसांच्या माश्या ओळीनं टोचून ठेवलेल्या. त्यांची नावं ‘फेझंट टेल’, ‘रॉयल कोचमन’ अशी. मला आधी ती व्हिस्कीचीच वाटली आणि क्षणभर साडूंबद्दल आदर दाटून आला होता.

पुस्तक मी रात्री बसून वाचलं. कॉमर्सच्या माणसाला समजेल असंच शास्त्र आहे. साध्या गळाला वजन असतं. ते फेकलं की त्याच्यामागे दोरी जाते. इथे उलटा कारभार. माशीला वजनच नाही, वजन दोरीला. दोरी फेकायची, आणि साहेबांच्या मागून फाइल घेऊन शिपाई जावा तशी माशी दोरीमागून जाते. काठी धरताना अंगठा वर, दांडीच्या पाठीवर ठेवायचा. अंगठा ज्या रोखानं थांबेल त्या रोखानं दोरी जाणार. आणि सर्वांत महत्त्वाचा नियम: शेजारी मोठं घड्याळ आहे अशी कल्पना करा, काठी पुढे दहाच्या आकड्यापर्यंत आणायची, मागे दोनच्या आकड्यापर्यंत न्यायची, त्यापलीकडे नाही. दहा ते दोन! मला गहिवरून आलं. जुन्या काळी बँकांच्या पैशांच्या खिडक्या दहा ते दोनच उघड्या असत. दोनला एक मिनिट कमी असताना झडप कशी खाली येई, ते कोणत्याही जुन्या खातेदाराला विचारा. हा खेळ आपल्यासाठीच आहे, अशी माझी खात्री पटली.

सराव गच्चीवर सुरू केला. नोव्हेंबरची सकाळ. पनवेलला थंडी पडली म्हणजे पंखा चारवरून दोनवर येतो. पण तेवढ्यावरही आम्ही शाली काढतो. आमच्या गच्चीवरून दक्षिणेला कर्नाळा किल्ल्याचा सुळका दिसतो, कोणीतरी जमिनीतून अंगठा वर काढून दाखवावा तसा. त्याच्याकडे तोंड करून मी ‘दहा-दोन, दहा-दोन’ करू लागलो. पुढे दोरी बरी जायची. मागे काय होतं ते दिसत नसे. मागे एकदा दोरी अडली. ओढली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांची कानटोपी माझ्या पायाशी येऊन पडली. टोपीबद्दल आजोबांची तक्रार नव्हती. ती त्या वेळी त्यांच्या डोक्यावर होती, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: ‘गच्चीवर पतंग उडवणे, पापड वाळवणे व मासेमारी करणे यांस सक्त मनाई आहे.’ समुद्रसपाटीपासून चौथ्या मजल्यावर मासेमारीला बंदी घालणारी ही बहुधा जगातली पहिली संस्था.

तेव्हा नदी गाठणं भाग पडलं.

पनवेल हे मुळात पाण्याचं गाव. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे अशी तळ्यांची नावं पाढ्यासारखी म्हणता येतात. एके काळी इथे बंदर होतं, गलबतं लागत. नगरपालिका १८५२ची, २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी गावाला वळसा घालून खाडीला मिळते. गावाजवळ येईपर्यंत तिचं जे होतं ते आपण सगळ्यांनी मिळून केलेलं आहे, त्यामुळे त्याविषयी न बोललेलं बरं. पण स्कूटर काढून नेऱ्याच्या पुढे गेलात, तर तीच गाढी दगडांतून खळखळत, मधूनच डोहात विसावा घेत येताना भेटते. समोर प्रबळगड, त्याला खेटून कलावंतिणीचा सुळका. पावसाळ्यात हे पाणी लाल असतं, उन्हाळ्यात ते असतंच कुठे? डिसेंबर-जानेवारीत मात्र तळचा गोटान् गोटा दिसतो. सकाळी साडेसहाला डोहावर वाफ तरंगत असते. जन्म पनवेलात गेला, आणि आपल्या गावापासून अर्ध्या तासावर हे रोज सकाळी चालू असतं, हे मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं. पनवेलकरांना निसर्ग बघायला महाबळेश्वरलाच जावं लागतं, अशी माझी समजूत होती.

पहिल्या रविवारी माशी पाण्यात पडली तीन वेळा, करवंदीच्या जाळीत अडकली चौदा वेळा. पंधराव्या वेळी ती सोडवत असताना मागून आवाज आला, “सायेब, म्हावरा मारतंस का करवंदा?”

वळून पाहिलं. गुडघ्यापर्यंत वर घेतलेली लुंगी, डोक्याला मफलर, हातात बांबूची साधी काठी, सत्तरीच्या पलीकडचा माणूस. चेहरा ओळखीचा वाटला. आमच्या धंद्यात चेहरे ओळखीचे वाटतात, नावं आठवत नाहीत; आठवतो तो खाते नंबर. त्याला मात्र मी पक्का आठवत होतो. “बँकेतला सायेब ना तू? तीन नंबरची खिडकी.”

सगळे त्याला तांडेल म्हणतात. त्यानं नोकरी केली ती एका सरकारी खात्यात, धरणावर चौकीदाराची. पण त्याचा बाप होडीवर तांडेल होता, म्हणून हाही तांडेल. बँकेत पेन्शन घ्यायला येतो आणि सहीच्या जागी अंगठा लावतो. काउंटरच्या आतून आम्ही अशा मंडळींना ‘काका, अंगठा’ एवढ्या दोनच शब्दांनी ओळखतो.

मी त्याला मोठ्या अभिमानानं ‘रॉयल कोचमन’ दाखवला. त्यानं तो नाकाजवळ नेऊन पाहिला. “ही कंची माशी? आपल्यात नाय असली.”

“स्कॉटलंडची आहे.”

“मंग तिकरचा म्हावरा खाईल तिला. हितला कनाला खाईल? तू खाशील का रोज त्यांचा जेवन?”

एवढं बोलून तो पाण्यात वाकला आणि तळचा एक दगड उलटा करून माझ्यापुढे धरला. दगडाच्या पोटाला चिकटून काळपट, चपटे, शेपटीला तीन केस असलेले किडे सरपटत होते. वाळूचे कण चिकटवून केलेल्या, भाताएवढ्या नळ्या होत्या, आणि त्या नळ्यांतून कोणीतरी डोकं बाहेर काढत होतं. “हा त्यांचा डालभात,” तांडेल म्हणाला. साडूंच्या पुस्तकात याच विषयावर वीस पानं होती. मासा काय खातो ते आधी बघा, दगड उलटा करा, मग तशी माशी बांधा. ती वीस पानं मी नकाशे-आकृत्यांसह वाचली होती. पण गाढी नदीतला दगड उलटा करावा, हे मला सुचलं नव्हतं. परीक्षेला बसून पास होण्याची सवय लागलेल्या माणसाचं असंच होतं.

तेव्हापासून माझी शाळा सुरू झाली. तांडेलची शिकवण्याची पद्धत सोपी होती: तो काही शिकवत नसे. पहिले दोन रविवार त्यानं मला काठी काढूच दिली नाही. “गलाकरं नको बगू. पानी बग.” मी पाणी बघू लागलो. सुरुवातीला पाण्यात पाणीच दिसतं. अर्ध्या तासानं दिसतं की दगडाच्या पुढे पाणी फुगतं आणि मागे एक शांत खिसा तयार होतो; मासा धारेत उभा न राहता त्या खिशात उभा राहतो आणि धारेतून वाहून येणारं खाणं तोंडाशी आलं की गट्ट करतो. म्हणजे आमच्या हेड ऑफिसमधल्या काही लोकांसारखाच. तासाभरानं दिसतं की आपली सावली पाण्यावर पडली आहे आणि डोहातल्या समस्त माशांनी कधीच संप पुकारला आहे.

पाण्याबरोबर इतर गिऱ्हाइकंही दिसू लागली. खंड्या तारेवर बसतो, एकदाच सूर मारतो, आणि बहुतेक वेळा मासा घेऊनच वर येतो. थंडीत येणारा धोबी पक्षी शेपूट खालीवर करत काठाकाठानं हिशेब तपासत फिरतो. त्याला आम्ही ऑडिटर म्हणतो. आणि एक मातकट बगळा, मान खांद्यात घालून, तासन्‌तास एका जागी उभा. पक्ष्यांच्या पुस्तकात त्याचं मराठी नाव ‘वंचक’ असं दिलं आहे. फसवणारा म्हणून. मला हे पटत नाही. चार फुटांवर उभा राहून, स्वतःच्या चोचीनं, स्वतःच्या जबाबदारीवर मासा धरणाऱ्याला वंचक म्हणायचं, तर पिसांची माशी घेऊन आलेल्या बी.कॉम. माणसाला काय म्हणायचं?

एका रविवारी तांडेलनं मला खाडीवर नेलं. भरती किती वाजता, म्हणून मी मोबाइल काढला. तांडेलनं आभाळाकडे नाही, बोटांकडे पाहिलं. “आज षष्ठी. सा पावना सारेचार. सारेचारला भरती. हितं आत पानी यायला थोरा उशीर.” मोबाइल उघडेपर्यंत त्याची विडी पेटली होती. नंतर घरी येऊन कागदावर मांडलं. तिथीची पाऊणपट करायची की भरतीची वेळ येते: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज पाऊण तासाच्या आसपास उशिरा उगवतो, भरतीही तेवढीच मागे सरकते. सगळं गणित एका पाऊणकीत बसवलेलं. आमच्या लहानपणी आजोबा पावकी, निमकी, पाऊणकी म्हणायचे. शाळेत कॅल्क्युलेटर आल्यावर ती कालबाह्य झाली असं आम्ही धरून चाललो. समुद्राला हे कोणी कळवलेलं दिसत नाही.

त्याच दिवशी जिताड्याची हकिगत कळली. जिताडा म्हणजे रायगड जिल्ह्याचा मानबिंदू. पाहुण्याला जिताडा वाढला की पुढची सोयरीक जमलीच. हा मासा जन्मतो नर म्हणून. पाच-सात वर्षांचा होऊन अंगानं भरला की त्याची मादी होते. तांडेलला हे बापाकडून माहीत होतं, मी घरी येऊन पुस्तकात खात्री केली. खरं निघालं. ‘लिंग बदला’ हा प्रश्न जिताडा स्वतःच्या हातानं सोडवतो. चिरंजीवांची मी मनातल्या मनात माफी मागितली. मात्र अशा खातेदाराचं केवायसी कसं करायचं, हे मला अजून सुचलेलं नाही.

यात मासे किती मिळाले, हा प्रश्न सौ. दर रविवारी विचारत असे. पहिल्या महिन्यात मी तो टाळला. दुसऱ्या महिन्यात परतताना बाजारातून एक पापलेट घेतलं आणि पिशवी ओट्यावर ठेवून, काही न बोलता, आंघोळीला गेलो. बाहेर आलो तेव्हा सौ. पापलेटाकडे पाहत होती. “गाढीत पापलेट?” मी म्हणालो, “भरतीबरोबर चुकून आलं असेल.” ती म्हणाली, “बर्फासकट?”

जानेवारीत सहकुटुंब महाडला गेलो, तेव्हा काठी गाडीत लपवून नेली होती. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड नावाचा डोह आहे. काठी वरदायिनी देवीचं ठाणं. डोहातले मासे देवीचे, म्हणून ते कोणी मारत नाही. चुरमुरे टाकले की हातहात लांबीचे मासे पाणी ढवळून वर येतात. हेच ते महाशीर. आपल्याकडे कोणी खडस म्हणतं, कोणी देवमासा. याच माशासाठी एके काळी गोरे साहेब काठ्या घेऊन हिंदुस्थानभर फिरले. पुण्याच्या मुळा-मुठेतल्या या जातीचं वर्णन कर्नल साइक्स यानं १८३९ साली छापलं आणि शास्त्रीय नावात इथलाच ‘खुद्री’ हा शब्द ठेवला. पुढे धरणांनी नद्या अडल्या, सुरुंग लावून मासे मारणारे निघाले, आणि साहेबांचा हा लाडका मासा कमी झाला. १९७०च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी लोणावळ्याला त्याची अंडी कृत्रिम रीतीनं उबवण्याचे प्रयोग यशस्वी केले, आणि टाटांच्या तलावांकाठी त्याची पैदास सुरू झाली. एका बाजूला शास्त्रज्ञ, दुसऱ्या बाजूला देवी. दोघांनी मिळून तो राखला. जगातले काठीवाले ज्या माशाचं स्वप्न पाहतात, तो माझ्या पायापासून दोन फुटांवर तोंड वासून चुरमुरे मागत होता, आणि मी हात जोडून उभा होतो. नऊ फुटी काठी गाडीत होती. ती तिथेच शोभून दिसत होती.

फेब्रुवारीत एकदा डोहाकाठी चहा पिताना मी कुरकुरलो. तीन महिने झाले, एक मासा लागत नाही. कधी माशीजवळ येतो, पाहतो आणि वळतो. तांडेल हसला. “उद्या या म्हनतोय तो तुना.”

मीही हसलो. मग थांबलो. हे दोन शब्द मी कुठे ऐकले होते ते आठवलं. ऐकले नव्हते, बोललो होतो.

नोव्हेंबर महिना बँकेत हयातीच्या दाखल्यांचा. पेन्शन घेणाऱ्यानं वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवायचं. २०१४पासून हे काम यंत्रावर होतं: अंगठा ठेवायचा, यंत्रानं ओळखलं की माणूस जिवंत. त्या नोव्हेंबरात, म्हणजे साडूंची काठी नुकतीच आली होती तेव्हा, तांडेल तीन नंबरच्या खिडकीवर आला होता. यंत्रानं त्याचा अंगठा ओळखला नाही. मी म्हणालो, उद्या या. तो आला. पुन्हा तेच. हात धुऊन या, उद्या या. तो पुन्हा आला. यंत्र नाही म्हणालं, मीही नाही म्हणालो. चेहरा दाखवून दाखला काढायची सोय २०२१पासून होती, पण तांडेलचा फोन बटणांचा. आणि कागदी दाखल्याची सोय तर सगळ्यांत जुनी. तो फॉर्म माझ्याच टेबलाच्या तिसऱ्या खणात होता. काढायला वाकावं लागलं असतं, भरायला बसावं लागलं असतं, साहेबांच्या सहीला उठावं लागलं असतं. रांग मोठी होती. गच्चीवरच्या सरावानं माझा हातही दुखत होता. चौथ्या खेपेला त्याला शेजारच्या खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म भरून दिला. तोवर महिना उलटला होता आणि एक पेन्शन अडकली.

“मंग त्या महिन्यात?” मी विचारलं. मीही एव्हाना ‘मंग’ म्हणायला लागलो होतो.

“सुनेकरं मागला,” तांडेल चहाच्या कपात बघत म्हणाला. “दिलं तिनं. बरी हाय पोर.” आणि त्यानं विषय बदलला. मला ओळखूनही पहिल्या दिवसापासून हा माणूस यातलं एक अक्षर बोलला नव्हता. माझ्यासाठी त्यानं दगड उलटा करून दाखवला होता.

त्या वर्षीच्या होळीनंतर काठी नळकांड्यात गेली. मे महिन्यात डोह आटला. जूनमध्ये पहिल्या पावसाला वलगण झाली, मासे अंडी घालायला ओढ्यांतून, शेतांतून वर चढले. तांडेल मला ते दाखवायला घेऊन गेला आणि म्हणाला, “पोटुशीला धरायची नाय.” कोसळत्या पावसात, बोटभर पाण्यातून, उताराच्या उलट अंग घासत जाणारे मासे पाहिले, तेव्हा लोकलमध्ये चढणाऱ्या माणसांविषयीही मला थोडा आदर वाटू लागला.

आणि पुन्हा नोव्हेंबर आला. २०२५चा. सोमवार, साडेअकरा, रांग दारापर्यंत. तांडेल खिडकीशी आला. बँकेत आला की तो अंग चोरतो. डोहावरचा ‘तू’ बाहेर चपलांशेजारी ठेवून येतो. “सायेब, हयातीचा हाय.” मी यंत्र पुढे सरकवलं. त्यानं अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल. तिसऱ्यांदा ठेवायच्या आधी मी तो अंगठा हातात घेतला. पन्नास-साठ वर्षं दोरी, वल्हं, दगड आणि शिंपल्या यांनी घासून तो डोहातल्या गोट्यासारखा गुळगुळीत झाला होता. त्यावर रेषाच उरल्या नव्हत्या. ज्या कामानं तो झिजला, त्यातलंच थोडं मी वर्षभर फुकट शिकत होतो. आणि यंत्राचं म्हणणं असं की, हा माणूस तो नव्हेच.

मी वाकलो. तिसरा खण उघडला. फॉर्म भरला, अंगठा शाईत बुडवून घेतला, उठलो आणि तांडेलला घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. रांगेतून कोणीतरी म्हणालंच, “चालले बघा चहाला!”

साहेबांनी फॉर्म पाहिला. “ओळख कोण देतंय?”

“मी.”

“तुम्ही कसे ओळखता?”

“माझे मास्तर आहेत.”

साहेबांनी एकदा फॉर्मवरच्या अंगठ्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “कशाचे?”

“पाण्याचे.”

“अच्छा, पाणीपुरवठ्यातले,” साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

सगळ्याला अकरा मिनिटं लागली. बी.कॉम.ला आम्हांला कॉस्टिंग हा विषय होता. माझ्या अकरा मिनिटांची किंमत आदल्या वर्षी दुसऱ्या माणसाच्या चार खेपा, चार वेळचं गाडीभाडं आणि सुनेपुढे पसरलेला एक हात इतकी झाली होती. हा हिशेब कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, म्हणून दरवर्षी तो जुळतो. त्या दिवसापासून तो फॉर्म मी खणात ठेवत नाही. टेबलावर, यंत्राच्या शेजारी ठेवतो. माझ्या हातून घडलेली क्रांती म्हणाल तर एवढीच.

निघताना दारातून तांडेल म्हणाला, “रईवारी ये रं पोरा.” आणि जीभ चावून, “या, सायेब.”

मी गेलो. त्या डिसेंबरात नव्या विमानतळावरून विमानं उडू लागली. त्यासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदी वळवली. डोहावर बसलो असताना एक विमान वरून गेलं, तेव्हा तांडेलनं मान वर करून ते दिसेनासं होईपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “नदी वलवली खरी. पन पानी वाट इसरत नाय.” मग पुन्हा खाली पाहू लागला. त्याच्याइतकं लक्षपूर्वक मला काहीच पाहता येत नाही, विमानही नाही.

यंदा माशी मी घरी बांधली. इंग्रजांच्या उत्तम माश्यांना आपल्या राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसं लागत. त्यावर मेणाच्या थेंबासारखे ठिपके असतात. ती पिसं सह्याद्रीतून विलायतेला जायची आणि माशी होऊन परत यायची, कापसाचं कापड व्हायचं तशी. आता रानकोंबड्याला कायद्याचं संरक्षण आहे. मी कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याकडून एक तपकिरी पीस आणलं, सौ.च्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा घेतला आणि दगडाखालच्या त्या किड्यासारखं काहीतरी बांधलं. चिरंजीवांनी पाहून विचारलं, “बाबा, हे झुरळ आहे का?” तांडेलनं पाहिलं आणि काही बोलला नाही. तो काही बोलला नाही म्हणजे पास.

जानेवारीच्या एका रविवारी आम्ही सगळेच डोहावर गेलो. पोपटी लावायची होती. तांडेलच्या सुनेनं मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा भरला, मडकं उलटं करून त्यावर काटक्या रचल्या. तिच्याशी बोलताना मला उगाचच अवघडल्यासारखं झालं. तिला कारण माहीत नव्हतं. ती सौ.ला वाल कसे निवडायचे ते सांगत होती.

जाळ होईपर्यंत मी काठी जोडली. दगडामागच्या शांत खिशाकडे पाहिलं. अंगठा वर. दहा, दोन, दहा. माशी उतरली. पाण्यावर एक टिचकी उमटली, दोरी ताणली गेली, आणि माझ्या हातात काहीतरी जिवंत थरथरलं. मी ओरडलो. धोबी उडाला, वंचक उडाला, आई दचकून उठली. ओढून पाहतो तर लांबीला बरोबर माझ्या अंगठ्याएवढा मासा. चंदेरी, कुशीवर काळी रेघ, डोळ्यांत भयंकर राग.

“हात वला कर आधी,” तांडेल म्हणाला. “कोरड्या हातान त्याची साल जाते.” माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं चिलखत, तो पुसला गेला की त्याला रोग धरतो. मी हात ओला केला, गळ सोडवला, पंजा पाण्याखाली धरला. क्षणभर तो तिथेच उभा राहिला, श्वास घेत. मग नव्हता.

परतताना स्कूटरवर, वालाचा आणि धुराचा वास अंगाला येत असताना, सौ.नं मागून विचारलं, “दोन हिवाळे झाले. एकूण मासे किती?”

“एक.”

“आहे कुठे तो?”

“परत पाठवला.”

“बँकेची सवय!” ती म्हणाली.

“नाही,” मी म्हणालो. “याला ‘उद्या या’ म्हणालो नाही.”